तीन ठोके

भोंग्याला तुम्ही समोर बसून बोलताना ऐकलं असतं, तर म्हणाला असता, छे, हा कसला भोंग्या! तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. "काय म्हणालास?" असं दोनदा विचारावं लागायचं. पण तोच माणूस माईक हातात धरून "उद्या पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा" असं म्हणाला, की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका बादल्या घेऊन उठायच्या. लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा त्याचा. लग्न असो, सभा असो, मॅच असो, कुणाचं पोर हरवलेलं असो की कुणाची छत्री सापडलेली असो, सगळं त्याच्याच तोंडून कळायचं. धंदा मूळ बापाचा. बाप गेला, भोंगे मागे राहिले, आणि पोराला भोंग्या हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी त्याची शेजारीण. गिरणीवाली. माझा आवाज मोठा आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. सकाळपासून पट्टा फिरत असतो, त्यावरून ओरडून बोलायची सवय लागली. घरात पण मी कुणाला मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटतं. भोंग्या मला मावशी म्हणायचा. मी काही त्याच्या आईची बहीण नव्हे, पण त्याची आई आणि मी एका भिंतीच्या दोन बाजूंना म्हाताऱ्या झालो, आणि सख्ख्या बहिणींनी तरी याहून वेगळं काय केलं असतं?

त्याच्या आईला ऐकू येत नव्हतं. अजिबात म्हणजे अजिबात. तिचे कान त्या भोंग्यांनीच खाल्ले. नवरा खांबावर चढून भोंगा बांधायचा, आणि ही खाली उभी राहून वर कान करून सांगायची, "खरखर येतेय, अजून येतेय, हां, आता गेली." वर्षानुवर्षं हेच. मग एक दिवस खरखर खरंच गेली आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळंही गेलं. पण बाई रडूबाई नव्हती. मला म्हणायची, "बरं झालं गं, आता तुझी गिरणी ऐकावी लागत नाही."

तर तिला हाक मारायचा प्रश्नच नव्हता. तिच्या खोलीची आणि माझ्या गिरणीची भिंत एकच. मी दोन किलोचं वजन उचलायची आणि भिंतीवर तीन ठोके द्यायची, मोकळे, एकेक करून. तिची खाट त्याच भिंतीला टेकलेली, ते ठोके तिच्या पाठीत पोचायचे. मग ती उठायची, गॅसच्या वरच्या खिळ्याला टांगलेलं आमटी वाढायचं लांब दांड्याचं ओगराळं घ्यायची आणि दोन ठोके परत द्यायची. तीन म्हणजे "आहेस का?" आणि दोन म्हणजे "आहे, ये." दूधवाला, पोस्टमन, मीटर बघणारा, सगळ्यांना तिने हेच शिकवलेलं. बरोबर तीनच. कारण गिरणीची धडधड दिवसभर तिच्या भिंतीतून जायची, पहिल्या पहिल्यांदा ती दर वेळी उठून दाराशी यायची आणि दमून जायची. मग तिने ठरवूनच टाकलं. "तीन आले तर मला बोलावलं. बाकी काहीही आदळू दे, ते माझं नाही."

ज्या दिवशी ते झालं त्या दुपारी मी गिरणी बंद करताना नेहमीसारखे तीन ठोके दिले, तिने दोन दिले. तेवढ्यात भोंग्या खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन दारात आला. "मावशी, मैदानावर जातोय. संध्याकाळची मॅच आहे."

"जेवलास का?"

"जेवलो. आईने भांडीसुद्धा घासून लावली. पडलीये आता."

तो गेला. झाडलोट करून मी कुलूप लावायला बाहेर आले आणि किल्ली हातातच राहिली. आधी वाटलं, गिरणी सुरू राहिली की काय. पायाखालून तशीच धडधड. मग समोरचा दिव्याचा खांब मान हलवायला लागला. मी रस्त्यावर बसले, बसले म्हणजे काय, पडलेच. धूळ बसली तेव्हा माझी गिरणी उभी होती, भेगा पडलेली पण उभी, आणि शेजारची तीन मजली इमारत गुडघ्यावर आली होती. तळमजला दिसतच नव्हता. भोंग्याची आई तळमजल्यावर.

आता आमच्या लोकांबद्दल मी चार गोष्टी नेहमी बोलते आणि त्या सगळ्या वाईट असतात. रांग लावणार नाहीत. बिल भरणार नाहीत. दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसल्याशिवाय यांना जेवण जात नाही. पण त्या दुपारी हेच लोक असे धावले म्हणून सांगू! ज्याच्याशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं तो प्लंबर माझ्यासमोर हाताने विटा उपसत होता. बायका पातेल्यांनी माती काढत होत्या. एका दगडाला दहा हात, आणि त्या हातांना सल्ला द्यायला वीस तोंडं. "इकडून ओढ!" "अरे गाढवा, तिकडून!" कुणी रडतंय, कुणी आत वाकून नावं घेतंय, कुणी उगाचच शिट्ट्या मारतंय. सरकारचा एक माणूस दिसला नाही, पण अंधार पडायच्या आत आम्ही वरच्या मजल्यावरची बहुतेक सगळी माणसं बाहेर काढली, नुसत्या हातांनी. हे मी कुणाचंही ऐकून सांगत नाही, माझी नखं गेली त्यात.

भोंग्या मैदानावरून पळत आला तो थेट माझ्या गिरणीत शिरला. मी त्याच्या हातात वजन दिलं. त्याने भिंतीवर तीन ठोके दिले आणि भिंतीला गाल लावून उभा राहिला. पण ऐकू काय येणार? बाहेर पहारी चालू, कुदळी चालू, मग कुठून तरी एक जेसीबी आला, तो चालू. अख्खी इमारत दणादण हादरत होती. त्यात आमचे तीन ठोके तिला कसे वेगळे कळणार, आणि तिचे दोन आम्हाला कसे? तो बाहेर जाऊन हात जोडून म्हणाला, "जरा थांबा, दोन मिनिटं." त्याच्या त्या पुटपुटण्याला कोण थांबणार! मी ओरडले, "अरे थांबा रे!" तर पलीकडचे आणखी मोठ्याने ओरडले, "कोण ओरडतंय ते, गप्प बसा!" दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस शांत बसला की आम्हाला वाटतं त्याने आशा सोडली. गोंगाट हीच आमची माया. त्या मायेपुढे मी काय करणार होते? जो थांबेल त्याच्या घरचं माणूस मरेल असंच प्रत्येकाला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परदेशातली तुकडी आली. केशरी कपडे, हेल्मेटं, दोन कुत्री, आणि एक यंत्र. ते यंत्र म्हणे ढिगाऱ्याखालचं खरवडणंही ऐकतं. त्यांचा मुख्य एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून आमच्याच शहरातली एक कॉलेजात शिकवणारी बाई. त्यांनी आल्या आल्या काय केलं, तर दोरी बांधली. दोरीच्या आत कुणी नाही. माझी गिरणीही आत गेली. मी म्हटलं, "अहो, माझी गिरणी आहे ती!" मिशीवाल्याने मला अगदी वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि दोरी होती तिथेच ठेवली.

दुभाषीण सांगत होती, त्यांच्या देशात नेहमी जमीन हलते. मोठी हलली तरी लोक शाळेच्या अंगणात रांगेत उभे राहतात, पाण्याला रांग, ब्लँकेटला रांग, कुणी मोठ्याने रडतसुद्धा नाही, शेजाऱ्याला त्रास नको म्हणून. "हो का," मी म्हटलं, "मग मरतानाही नंबर लावत असतील." ती हसली नाही. मला नंतर वाईट वाटलं, कारण त्या माणसांनी स्वतःचं पाणी, स्वतःचं खाणं आणलं होतं, आमच्यातला एक घोट घेतला नाही, आणि दिवसभर पोटावर सरपटत अशा फटींत शिरत होते, की जिथे मी माझा हात घातला नसता.

पण त्यांना हवी होती शांतता. शिट्टी वाजली की सगळ्यांनी गप्प व्हायचं, मग ते यंत्र लावणार. शिट्टी वाजली. आमच्यातला एक खोकला, दुसरा त्याच्यावर खेकसला, तिसरा म्हणाला, "खोकला आला तर काय मरायचं का माणसाने?" झालं, सुरू! मिशीवाला डोक्याला हात लावून बसला. मग दुभाषिणीने विचारलं, "इथे कुणाकडे लाऊडस्पीकर आहे का?" आणि सगळ्या गल्लीने भोंग्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे बघा, आयुष्यभर आवाज करण्याचे पैसे घेतलेल्या माणसाला काम मिळालं ते गप्प करण्याचं. त्याने विजेच्या खांबाला एक भोंगा बांधला, माईक हातात घेतला, आणि त्याच्या त्या दुसऱ्या, मोठ्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांना विनंती आहे. शांतता राखा. कुणीतरी आत ऐकतंय." आणि खरंच, गल्ली गप्प झाली. अशी की मला माझ्या गिरणीच्या पत्र्यावरचं कबुतर चालताना ऐकू आलं.

मिशीवाल्याने आत तोंड करून आरोळी दिली, दुभाषिणीने तीच आमच्या बोलीत दिली: "ऐकू येत असेल तर काहीतरी वाजवा." मग सगळे थांबले. आणि आलं उत्तर! यंत्र लावलेल्या पोराने हात वर केला. पलीकडच्या जिन्याखालून बारीक टकटक येत होती. पोस्टमनची मुलगी. त्याच इमारतीत वर राहायचे ते, शाळेतून नुकतीच आली होती ती त्या दिवशी. पोस्टमन माझ्या शेजारीच उभा होता.

भोंग्याने माईक ठेवला आणि मिशीवाल्याकडे गेला. मी पण मागे गेले. "माझी आई बहिरी आहे," तो म्हणाला. "तुम्ही कितीही ओरडा, तिला कळणार नाही. ती उत्तर देणार नाही. तिच्यासाठी त्या भिंतीवर ठोकावं लागतं. तीन ठोके. एवढंच करू द्या."

दुभाषिणीने सांगितलं. मिशीवाल्याने शेवटपर्यंत नीट ऐकलं, मग त्याला हाताला धरून दोरीच्या आत नेलं आणि बोट वर करून दाखवलं. वरच्या मजल्याचा अख्खा स्लॅब तिरका होऊन आमच्या त्या सामाईक भिंतीवर टेकला होता. त्याचं दुसरं टोक जिन्यावर, आणि जिन्याखाली ती मुलगी. भिंतीला धक्का लागला तर स्लॅब सरकेल. "मुलगी बाहेर आली की लगेच ठोका," दुभाषीण म्हणाली. "तो म्हणतोय, मी स्वतः तुमच्यासोबत ठोकेन. पण आत्ता नाही. आत्ता भिंतीला बोटही लावायचं नाही."

"किती वेळ लागेल?" भोंग्याने विचारलं.

तिने त्या माणसाला विचारलं. "सांगता येत नाही, म्हणतोय."

इकडे आड, तिकडे विहीर, म्हणतात ना, तसं. पण आडात आई आणि विहिरीत दुसऱ्याची लेक असेल तर माणसाने काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलं नाही. पोस्टमनने सगळं ऐकलं होतं. माझ्या गिरणीत शिरून त्याच भिंतीवर तीन ठोके देऊन भोंग्याच्या आईला पत्र देणारा माणूस तो. त्याने भोंग्याकडे पाहिलं. भोंग्या जाऊन खांबाखाली बसला आणि माईक उचलला.

मला नाही सहन झालं ते. खोटं कशाला सांगू? माझं त्या मुलीवरही प्रेम होतं, तिच्या घरचं पीठ माझ्याच गिरणीतून जायचं. पण माझी मैत्रीण त्या भिंतीपलीकडे होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं. मी गर्दीत कुजबुजले. गर्दी म्हणाली, "हळूच ठोकू की, एवढ्याशाने काय होतंय?" "परक्यांना काय कळतंय आपलं?" दोघातिघांनी दोरी वर उचलली. वजन माझ्या पिशवीत होतंच, पहिल्या दिवसापासून होतं. मी वाकून आत गेले.

आणि खांबावरून आवाज आला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "गिरणीवाल्या मावशी, मागे या."

मी थांबले नाही.

"मावशी. मागे या. आत लहान मुलगी आहे."

असा राग आला मला! अरे, तुझ्या आईसाठी चाललेय, आणि तू मला चोरासारखी सगळ्यांसमोर हटकतोस? मी वळून बघितलं. माईक त्याच्या तोंडाशी होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पण आवाज? आवाजात काही नव्हतं. उद्या पाणी येणार नाही, असं सांगावं तसा. मी मागे आले. लोकांनी दोरी खाली सोडली.

त्यानंतर तो सबंध दिवस तेच. मधूनच शिट्टी वाजायची आणि भोंग्या म्हणायचा, "शांतता राखा. कुणीतरी आत ऐकतंय." दर वेळी तेच वाक्य. मी बसले होते हातावर हात ठेवून. ज्या बाईचे हात आयुष्यात कधी रिकामे राहिले नाहीत, ती बसून केशरी कपड्यातल्या लोकांना चमच्या-चमच्याने माती काढताना बघत होती. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, ही म्हण मी हजारदा वापरली असेल. त्या दिवशी कळलं, की सुपातल्यांनाही काही हसू येत नाही. पहिले दोन दिवस आम्ही एवढा गोंगाट केला की तिचं काही ऐकू येऊ नये, आणि तिसऱ्या दिवशी एवढी शांतता राखली की तिला काही कळू नये. दोन्ही वेळी आम्ही चांगलंच करत होतो. तेच तर मला गिळता येत नाही.

उन्हं कलली तेव्हा मुलगी बाहेर आली. धुळीने पांढरी, एक पाय वाकडा, पण डोळे उघडे. गल्लीने दिवसभर दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम सोडला. पोस्टमन मिशीवाल्याच्या पाया पडायला धावला, मिशीवाला घाबरून मागे सरला. मीही ओरडले, टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवायच्या? पोर जिवंत होतं!

त्यांनी स्लॅबला टेकू दिले आणि मिशीवाल्याने स्वतः येऊन भोंग्याला बोलावलं. मी पिशवीतलं वजन काढून त्याच्या हातात दिलं. तो माझ्या गिरणीत गेला, भिंतीशी उभा राहिला. या वेळी कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी माईकवर काही सांगितलं नाही. आमचे ते वाह्यात लोक, जे कुणाच्या अंत्ययात्रेतही गप्प बसत नाहीत, ते आपणहून गप्प झाले. पोस्टमन मुलीला गाडीत बसवून परत आला होता, तोही उभा होता.

एक. दोन. तीन.

यंत्रवाला पोरगा डोळे मिटून ऐकत होता.

भोंग्याने परत दिले. तीन. थोडं थांबून परत तीन. मिशीवाल्याने म्हटल्याप्रमाणे हातोडी घेतली आणि त्यानेही तीन दिले, बरोबर तसेच, मोकळे. मला वाटलं, आता येतील. आत्ता येतील. ती झोपली असेल, ती उठेल, ओगराळं घेईल, तिला वेळ लागतो, गुडघे दुखतात तिचे. मी असं मनात म्हणत राहिले. भोंग्या ठोकत राहिला. शेवटी त्या परदेशी माणसाने त्याच्या हातातून वजन काढून घेतलं आणि तिथेच पिठात त्याच्याजवळ बसला. त्याला आमची भाषा येत नव्हती, आणि त्या वेळी ती आम्हालाही येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते तिच्यापर्यंत पोचले. लोखंडी खाटेखाली थोडी पोकळी राहिली होती, ती त्यात होती. अंगावर मोठी जखम नव्हती. डॉक्टरने भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "पहिल्याच क्षणी गेल्या असतील. त्रास झाला नसेल." डॉक्टर सगळ्यांना तेच सांगत होता, मी दोन घरांना ते सांगताना ऐकलं होतं. चांगला माणूस होता.

आडोसा करून मी तिला शेवटची अंघोळ घालायला बसले. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती, आणि तिच्यात ओगराळं. लांब दांडा मुठीतून बाहेर आलेला. त्याची वाटी एका बाजूने चेपून सपाट झाली होती, एकाच जागी परत परत आपटल्यासारखी. मी ते सोडवत होते तेवढ्यात भोंग्या आत आला. मला लपवायला वेळ मिळाला नाही.

त्याने ते माझ्या हातातून घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. चेपलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग त्याच्या नेहमीच्या, जवळ बसूनही न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाला, "मावशी, हे तर खिळ्याला असतं ना?"

मी आयुष्यात कुणाचं मन राखायला बोलले नाही. तोंडावर बोलते, म्हणून निम्मी गल्ली माझ्यावर रुसलेली असते. मी म्हटलं, "त्या दिवशी तुमच्याकडे स्वयंपाकाला उशीर झाला होता. वाढत असेल तेव्हाच झालं ते. हातात राहिलं तसंच."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्याच दारात उभा राहून, जेवलो, आईने भांडीसुद्धा घासून लावली, असं मला सांगून गेलेला तो.

"हो," तो म्हणाला. "उशीरच झाला होता."